खून तेव्हाचा, पुरावा कधीचा? ऐतिहासिक रहस्यकथांच्या अभ्यासकांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मंडळी म्हणजे तुम्ही सगळे, ऐतिहासिक रहस्यकथांवर पेपर लिहिणारे, पीएचडी करणारे, सेमिनार भरवणारे, सिलॅबसमध्ये कुठली कादंबरी लावायची ते ठरवणारे. मी तुमच्यातली नाही. मी नुसती वाचक आहे, पण चिकट वाचक आहे, या कादंबऱ्याही वाचते आणि तुम्ही त्यांच्यावर जे लिहिता तेही वाचते, त्यातलं दुसरं वाचायची मला कोणी सक्ती केलेली नाही तरी वाचते, म्हणून थोडा हक्क गाजवते आहे.

तक्रार एकच आहे. तुमचे लेख वाचताना ठरावीक दोन प्रश्न सारखे भेटतात. एक म्हणजे लेखकाने काळ बरोबर उभा केलाय का, कपडे, औषधं, नाणी, रस्ते वगैरे. दुसरा, त्यातला डिटेक्टिव्ह हा आजचाच माणूस आहे का, नुसता जुन्या पोशाखातला. प्रश्न चुकीचे नाहीत हो दोन्ही. पण आणखी एक प्रश्न आहे जो मला या प्रकाराचा कणाच वाटतो आणि तो नीट बसून कोणी फारसं विचारत नाही. त्या काळात, त्या जागी, गुन्हा सिद्ध झाला असं लोक कधी मानायचे? साक्षीदार किती लागायचे, कबुलीजबाब असायलाच हवा का, तो मारून घेतलेला चालायचा का, नुसत्या शपथेवर भागायचं का, की देवालाच मध्ये घ्यायचं? रहस्यकथा म्हणजे शेवटी पुराव्याचीच गोष्ट, आणि पुरावा कशाला म्हणायचं हे तर शतकाशतकाला बदललेलं आहे. मग आजच्या पुराव्यावर चालणारी गोष्ट आठशे वर्षं मागे नेऊन ठेवली की नेमकं काय होतं, यावर तुमचे लेख पाहिजेत, ढिगाने पाहिजेत.

ब्रदर कॅडफेल घ्या, कारण तो तुमच्या सगळ्यांच्याच यादीत असतो. एलिस पीटर्सने १९७७ ते १९९४ या काळात त्याच्यावर वीस कादंबऱ्या लिहिल्या, श्रूजबरीचा मठ, बाराव्या शतकातली इंग्लंडची यादवी, आणि हा वनौषधी जाणणारा, तरुणपणी क्रुसेडला जाऊन आलेला साधू. दुसऱ्या कादंबरीत, म्हणजे 'वन कॉर्प्स टू मेनी'मध्ये, ११३८ सालचा वेढा आहे, स्टीफन राजाने किल्ल्यातल्या चौऱ्याण्णव जणांना फाशी दिलंय आणि प्रेतं मोजताना कॅडफेलला पंचाण्णव सापडतात. काय सुरुवात आहे! पुढे तो अगदी आपल्या ओळखीच्या पद्धतीने तपास करतो, गळ्यावरचा वळ बघतो, तुटलेली वस्तू जुळवतो, कोण कुठे होतं ते ताडून बघतो. आणि शेवटी? शेवटी निकाल लागतो तो द्वंद्वात. दोन माणसं हत्यारं घेऊन समोरासमोर उभी राहतात आणि जो जिंकेल तो खरा. (कोण जिंकतं ते सांगत नाही, ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी वाचा.)

आता हे लेखिकेने नाट्यमय शेवट पाहिजे म्हणून घातलं असं म्हणून आपण पुढे जातो. पण थांबून बघा. द्वंद्वाने न्याय ही त्या काळची खरीखुरी कायदेशीर पद्धत होती, आणि इंग्लंडच्या कायद्यातून ती काढून टाकली कधी, तर १८१९ मध्ये, तेही १८१८ च्या एका खटल्यात आरोपीने खरंच द्वंद्वाचा हक्क मागितल्यावर सगळ्यांची तारांबळ उडाली म्हणून. तेव्हा कॅडफेलने गोळा केलेला पुरावा हा वाचकासाठी आहे, आपल्यासाठी. त्या जगातल्या लोकांसाठी पुरावा म्हणजे तलवार. कादंबरीत दोन कोर्टं एकाच वेळी चालू आहेत आणि लेखिका दोन्हीकडे एकच निकाल लागेल अशी तजवीज करते. ही तजवीज कशी केली, का करावी लागली, वाचकाला त्यात काही खटकत का नाही, यावर मला तीस पानं वाचायला आवडतील. त्याऐवजी मला कॅडफेलच्या बागेत अमुक झाड तेव्हा असेल का नसेल ते वाचायला मिळतं.

साहित्याचा सिद्धांतकार तोदोरोव्ह, त्याने १९६६ मध्ये सांगितलं की रहस्यकथेत दोन गोष्टी असतात, एक गुन्ह्याची, जी घडून गेलेली आहे, आणि एक तपासाची, जी आपल्यासमोर घडते. तुम्ही सगळे हे कोट करता, बरोबरच आहे, फार उपयोगी आहे. पण ऐतिहासिक रहस्यकथेत मला तिसरी दिसते, निवाड्याची. आजच्या काळातल्या रहस्यकथेत ती लिहायची गरजच नसते कारण पोलीस येतात, बेड्या पडतात, पुढचं कोर्ट वगैरे वाचकाला माहीत असतं. मागच्या काळात गेलं की ते गृहीत धरता येत नाही. लेखकाला तिसरी गोष्ट लिहावी लागते किंवा लपवावी लागते, आणि लपवली असेल तर ती कशी लपवलीय हे तर आणखीच बघण्यासारखं असतं.

चीनचं उदाहरण तर यासाठीच बनवल्यासारखं आहे. रॉबर्ट व्हॅन गुलिक, डच मुत्सद्दी आणि चिनी संस्कृतीचा गाढा अभ्यासक, त्याने १९४९ मध्ये एका जुन्या चिनी न्यायाधीश-कथेचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि मग स्वतःच जज डीच्या कादंबऱ्या लिहिल्या. जज डी ज्याच्यावर बेतलाय तो खरा दी रेनजिए सातव्या शतकातला, तांग काळातला. कादंबऱ्यांमधले कपडे, चालीरीती बऱ्याचशा मिंग काळातल्या, म्हणजे सात-आठशे वर्षं नंतरच्या. यावर 'चूक चूक' म्हणून बोट दाखवणारे बरेच भेटतात, पण व्हॅन गुलिकने ते मुद्दाम केलं होतं आणि तसं सांगूनही टाकलं होतं, जुन्या चिनी कथाकारांची तशीच पद्धत होती म्हणून. हा विषय तिथेच संपला. संपला नाही तो कोर्टाचा. आरोपीच्या कबुलीशिवाय शिक्षा नाही, असा तिथला नियम. म्हणून आपला हुशार, न्यायी, प्रेमळ जज डी सगळं ओळखून बसलेला असतानाही दरबारात आरोपीला फटके मारायला सांगतो. आणि निरपराध माणसाला छळलं असं निघालं तर त्याच न्यायाधीशावर बालंट येणार, हेही तिथलंच. म्हणजे डीची हुशारी खुनी ओळखण्यापुरती नाहीच, ज्याला फटके मारतोय तो खराच खुनी आहे ना याची खात्री आधी करून घेण्यासाठी ती लागते. डोक्याने करायचा तपास हा छळाचा परवाना आहे! हे वाक्य लिहिताना मलाच कसंतरी होतं. पण जज डीला 'पूर्वेकडचा शेरलॉक' म्हणून सोडून दिलं की हे सगळं नजरेआड होतं, आणि शेरलॉकला कधी कबुलीसाठी कोणाला फटके मारावे लागले नव्हते.

शिवाय तिथे शास्त्र नव्हतं असंही नाही. सोंग त्स या चिनी अधिकाऱ्याने १२४७ मध्ये प्रेततपासणीवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यातली कोयत्यांची केस प्रसिद्धच आहे, गावातल्या सगळ्यांचे कोयते उन्हात मांडायला लावले आणि ज्याच्यावर माशा घोंघावल्या तो रक्ताचा. पण माशांनी दाखवून दिलं तरी कबुली घ्यावीच लागते. शास्त्र आहे आणि कबुलीही हवी, हे दोन्ही एकत्र नांदतंय, 'आधी अंधश्रद्धा मग विज्ञान' अशी सरळ रेघ नाहीये. ही रेघ तुमच्या बऱ्याच लेखांत न सांगता येऊन बसलेली असते, म्हणून म्हटलं.

युरोपातसुद्धा रेघ वाकडीच आहे. १२१५ मध्ये चर्चच्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना दिव्यात, म्हणजे देवाच्या कौलाने खरं-खोटं ठरवायच्या परीक्षेत, भाग घ्यायला बंदी केली, तापलेलं लोखंड हातात घ्यायचं, पाण्यात टाकायचं, हे सगळं पाद्र्याच्या आशीर्वादाशिवाय चालत नसल्यामुळे ते हळूहळू बंद पडलं. (आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीत तूळ, अग्नी, जल, विष, कोश अशी पाच दिव्यं आहेत, तेव्हा हसायचं कारण नाही.) वाटतं की आता शहाणपण आलं. पण झालं काय, इंग्लंड ज्युरीकडे गेलं आणि युरोपातली बरीच कोर्टं दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा कबुलीजबाब यावर अडून बसली, आणि साक्षीदार नसले की कबुली मिळवायला छळ. देवाला बाजूला केलं आणि त्याच्या जागी छळखोली आली, तीही पुरावा पक्का असावा या आग्रहापोटी. या एवढ्या मोठ्या उलथापालथीच्या अलीकडे कादंबरी घडते की पलीकडे, हे मला पहिल्या पानावर माहीत असावंसं वाटतं. कॅडफेल अलीकडचा. उम्बेर्तो एको या इटालियन लेखकाचा डिटेक्टिव्ह साधू विल्यम पलीकडचा.

एको आलाच आहे तर. 'नेम ऑफ द रोज' (मूळ इटालियन १९८०, गोष्ट १३२७ ची) यावर तुम्ही इतकं लिहिलंय की मी काय भर घालणार, चिन्हं, चक्रव्यूह, ग्रंथालय, अ‍ॅरिस्टॉटलचं हरवलेलं पुस्तक. पण मला त्या कादंबरीतला सगळ्यात भयंकर भाग बर्नार्ड गीच्या चौकशीचा वाटतो. बर्नार्ड गी खरा होऊन गेलेला इन्क्विझिटर, म्हणजे धर्मद्रोह्यांची चौकशी करणारा चर्चचा अधिकारी, चौकशी कशी करावी याचं मार्गदर्शक पुस्तक लिहिणारा. कादंबरीत तो मठाच्या कोठाऱ्याला समोर बसवतो, छळाचं नुसतं नाव निघतं आणि तो गडी न केलेले खूनही कबूल करून टाकतो. त्या काळच्या कायद्याने बघितलं तर केस सुटली! पुरावा पूर्ण! आणि आपला विल्यम, जो स्वतः पूर्वी इन्क्विझिटर होता आणि ते काम सोडून आलाय, तो खुणा वाचत वाचत सत्यापर्यंत पोचतो पण ज्या सूत्राने पोचतो ते सूत्रच चुकीचं निघतं. म्हणजे एका बाजूला पद्धतशीर, नियमाला धरून आलेलं खोटं आणि दुसऱ्या बाजूला चुकीच्या वाटेने हाताला लागलेलं खरं. एकोने तिसरी गोष्ट लपवलेली नाही, ती भर दरबारात मांडलीय. माझ्या मते म्हणूनच ते पुस्तक बाकीच्यांपेक्षा वरचढ आहे. लॅटिनमुळे नाही.

याच्या एकच वर्ष आधी, १९७९ मध्ये, कार्लो गिन्झबुर्ग या इटालियन इतिहासकाराचा खुणा आणि माग यांच्यावरचा लेख आला, चित्रं ओळखणारा मोरेल्ली, फ्रॉइड आणि होम्स एकाच पद्धतीने विचार करतात हे सांगणारा. तुम्ही तो कोट करता. पण त्याच गिन्झबुर्गने १९७६ मध्ये इन्क्विझिशनच्या कागदांतून मेनोक्कियो नावाच्या गिरणीवाल्याचं डोकं उलगडून दाखवलं होतं, ते मात्र रहस्यकथेच्या चर्चेत कमी येतं, आणि मला तर तेच जास्त कामाचं वाटतं. कारण जुन्या काळातला साधा माणूस काय बोलला हे आपल्याला कळतं कुठून? बहुतेक वेळा कोर्टाच्या दप्तरातून. जबानी, उलटतपासणी, कबुली. म्हणजे कादंबरीकार ज्या कागदांवरून काळ उभा करतो ते कागद त्याच न्यायपद्धतीने तयार केलेले असतात जिला त्याचा डिटेक्टिव्ह नावं ठेवतो. बर्नार्ड गी नसता तर विल्यमचं जगही आपल्याला एवढं बारकाईने माहीत नसतं! ही गाठ सोडवायचं काम तुमचं आहे, माझ्या आवाक्यातलं नाही, मी फक्त बोट दाखवते.

मार्गारेट अ‍ॅटवुडने 'एलियस ग्रेस' या कादंबरीत (१९९६) ही गाठ सोडवायची नाही असं ठरवलं. १८४३ चा कॅनडातला खरा दुहेरी खून, मॅकडरमॉटला फाशी, ग्रेस मार्क्सची फाशी रद्द होऊन जन्मठेप, १८७२ मध्ये माफी. ग्रेसच्या नावावर कबुलीच्या एकाहून जास्त आवृत्त्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कादंबरी निकाल देत नाही. काही अभ्यासक म्हणतात ही रहस्यकथाच नाही. अहो मग रहस्यकथा कशाला म्हणायचं, जिथे शेवटच्या प्रकरणात सगळे दिवाणखान्यात जमतात तिलाच का?

जोसेफिन टे बद्दल थोडक्यात. 'डॉटर ऑफ टाइम' (१९५१) मधला इन्स्पेक्टर हॉस्पिटलच्या पलंगावर पडून तिसऱ्या रिचर्डची, पुतण्यांना मारल्याचा ठपका असलेल्या इंग्लंडच्या राजाची, केस उघडतो, नुसत्या कागदांवर, आणि ज्याच्या लिखाणावर सगळ्यांची भिस्त तो थॉमस मोर घटना घडली तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता, म्हणजे ऐकीव साक्ष, म्हणून ती बाद करतो. वाचायला बहार येते. पण ऐकीव साक्ष चालणार नाही हा नियम त्याचा आहे, पोलीसवाल्याचा, पंधराव्या शतकाचा नाही. २०१२ मध्ये रिचर्डचा सांगाडा लेस्टरच्या पार्किंगखाली सापडला, पाठीचा कणा वाकडा होता हे कळलं, पुतण्यांचं काय झालं ते हाडं सांगू शकत नाहीत. इतिहासकार आणि डिटेक्टिव्ह एकच काम करतात असं इतिहासाचा तत्त्वज्ञ कॉलिंगवुडपासून सगळे म्हणत आलेत, त्याने तर इन्स्पेक्टर घालून एक छोटी खुनाची गोष्टच लिहिली होती हे समजवायला. पण डिटेक्टिव्हला कधीतरी फाइल बंद करावी लागते. इतिहासकाराला तशी घाई नसते, नसावी.

जन्मतारखेचंही एक आहे, ते सांगून टाकते. हा प्रकार १९७७ नंतर कॅडफेलमुळे सुरू झाला असं लिहिलेलं वाचलं की चिडचिड होते. फोफावला तेव्हा, मान्य. पण जपानमध्ये ओकामोतो किदोने १९१७ मध्येच हानशिचीच्या कथा सुरू केल्या होत्या, एदो काळातला, म्हणजे आधुनिक जपानच्या आधीचा, तपास करणारा माणूस, आणि किदोला हे सुचलं होम्स वाचून. त्यात सांगायची पद्धत बघा, म्हातारा झालेला हानशिची पुढच्या, आधुनिक मेइजी काळात एका तरुण पत्रकाराला जुन्या केसेस सांगतो. दोन काळ एकमेकांसमोर बसलेत, दोन न्यायपद्धतीसुद्धा. अमेरिकेत मेलव्हिल डेव्हिसन पोस्टचा अंकल अ‍ॅबनर तर त्याच्याही आधी सुरू झालेला. अ‍ॅगाथा ख्रिस्तीने १९४४ मध्ये प्राचीन इजिप्तमध्ये खून पाडले, हेकानाख्त नावाच्या माणसाची खरी कौटुंबिक पत्रं समोर ठेवून, ज्यात कुरबुरी भरपूर आहेत पण खून एकही नाही. त्या कादंबरीत घरातले लोक मेलेल्या बाईला पत्र लिहून मदत मागतात, आणि अशी पत्रं इजिप्तमध्ये खरोखर लिहिली जायची. तक्रार कोणाकडे करायची याचं उत्तर प्रत्येक काळाचं वेगळं, एवढंच मला दाखवायचंय.

अलीकडच्या काळातल्या कादंबऱ्यांत हा प्रश्न संपतो असं वाटत असेल तर तसंही नाही. केलेब कारची 'एलियनिस्ट' १८९६ च्या न्यूयॉर्कमध्ये घडते, तिथे तपास करणारे बोटांचे ठसे वापरतात, पण कोर्ट ते मानत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. अर्जेंटिनात १८९२ मध्ये ठशावरून खुनी सापडली होती, कोलकात्यात १८९७ मध्ये ठशांचं ऑफिस निघालं, अमेरिकेत मात्र ठशांवर शिक्षा झालेली केस कोर्टात टिकली १९११ मध्ये. मग त्या तपासनिसांना काय वाटत असेल, खरं हातात आहे आणि ते कोणाला दाखवून उपयोग नाही? सुजाता मॅसीच्या कादंबरीत १९२१ च्या मुंबईतली वकील परवीन मिस्त्री पडद्यातल्या बायकांशी बोलू शकते आणि पुरुष पोलीस बोलू शकत नाहीत. तिच्यामागे कॉर्नेलिया सोराबजींची प्रेरणा आहे, ज्यांनी खरंच अशा बायकांसाठी कायद्याचं काम केलं. तुम्ही यावर लिहिता ते 'सशक्त स्त्री' या अंगाने. लिहा की. रोझमेरी जॉन्सनने २००६ मध्ये स्त्रीवादी ऐतिहासिक रहस्यकथांवर आख्खं पुस्तक लिहून ती वाट करून दिलेलीच आहे. पण परवीन सशक्त आहे त्याच्या आधी ती दारातून आत जाऊ शकणारी एकमेव आहे, आणि साक्ष त्या दाराच्या आत आहे.

अजून एक जागा जी तुम्ही पटकन उलटून पुढे जाता, ती म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असलेलं लेखकाचं टिपण. काय खरं, काय मी रचलं, कुठला माणूस खरा, कुठली तारीख सरकवली. बाकी रहस्यकथांना असलं काही लागत नाही, या प्रकाराला मात्र ते चिकटूनच येतं. व्हॅन गुलिक लिहितो, अ‍ॅटवुड लिहिते, सी. जे. सॅन्समने शार्डलेक या वकील-डिटेक्टिव्हच्या पुस्तकांना अशी टिपणं जोडलीत. मला तर हा लेखकाचा स्वतःचा कबुलीजबाबच वाटतो, आणि तोही तपासून घ्यायला हवा. काय कबूल केलंय आणि काय गाळलंय? तारखा कबूल करतात, नाणी कबूल करतात, पण 'माझा नायक ज्या पद्धतीने खुनी ठरवतो तसं तेव्हा कोणीच ठरवत नव्हतं' हे कितीजण लिहितात? शंभर टिपणं घेऊन कोणीतरी बसा राव. छान थिसिस होईल.

आणि पॅनलवर साहित्यवाल्यांच्या जोडीला एखादा कायद्याच्या इतिहासाचा माणूस बसवा. तुमचं तुमचं चाललेलं असतं, त्यांचं त्यांचं, आणि मधे वाचक पेवॉलबाहेर उभा.

वर्गात काय लावायचं असा प्रश्न असेल तर रोमपासून सुरू करा. इ.स.पू. ८० चा सेक्स्टस रोशिअसचा खटला, बापाच्या खुनाचा आरोप, वकील तरुण सिसेरो. त्याचं भाषण आपल्याकडे आहे आणि त्यावर बेतलेली स्टीव्हन सेलरची 'रोमन ब्लड' (१९९१) पण आहे, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. सिसेरो भाषणात तक्रार करतो की मेलेल्या माणसाचे गुलाम चौकशीसाठी मागितले तर विरोधी पक्ष देत नाही. ऐकायला किती रास्त मागणी! पण रोमच्या कोर्टात गुलामाची साक्ष धरायची ती छळ करून घेतली असेल तरच. म्हणजे तो मागतोय काय ते विद्यार्थ्यांना आधी कळू द्या. कादंबरीतला डिटेक्टिव्ह गॉर्डियानस मात्र गुलामांशी साधं बोलतो, ऐकून घेतो, आणि त्यातून खरं काढतो, आणि ते बोलणं कोर्टात कवडीमोल आहे. हे असं का लिहिलं असेल लेखकाने, आपल्याला गॉर्डियानस आवडावा म्हणून की दुसरा काही मार्गच नव्हता म्हणून, यावर वर्गात भांडणं झाली तर मला कळवा. मी मागच्या बाकावर येऊन बसेन.

आपली,
एक चिकट वाचक